त्या कोर्टाला फौजदार हाय का?

हुकूमशहांविरुद्ध आंतरराष्ट्रीय कोर्टात निकाल आणून उपयोग काय, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर हे सगळं मी एरवी कसबा बावड्यात कोर्टाबाहेर चहाच्या गाड्यावरच बडबडत असते. मी वकील, वाटणीचे दावे, पोटगी, चेक बाउन्स असलं साधं काम. मानवी हक्कांच्या केसेस वाचायचा नाद कॉलेजपासून, आणि कुठं त्यावर बोलले की हमखास कुणीतरी विचारतंच, की हे मोठे आंतरराष्ट्रीय वकील हुकूमशहांविरुद्ध निकाल आणतात खरं पण अंमल कोण करणार? कागलकडच्या एका पक्षकार मामांनी तर सरळच विचारलं, "वकीलबाई, त्या कोर्टाला फौजदार हाय का न्हाई?"

न्हाई, मामा.

२०१९ ला कुलभूषण जाधवांच्या केसमुळं हेगचं कोर्ट, म्हणजे देशादेशांतले तंटे ऐकणारं आंतरराष्ट्रीय न्यायालय, आपल्याकडं घरोघरी पोचलं, जाधवांचा जन्म सांगलीचा, त्यात हरीश साळवेंनी एक रुपया फी घेतली हे सगळ्यांना तोंडपाठ. पण ती केस भारत विरुद्ध पाकिस्तान होती. तिथं तुम्हीआम्ही दावा लावूच शकत नाही, पक्षकार देशच लागतो. मग ज्याला स्वतःच्याच सरकारनं डांबून मारलंय त्याच्या बायकापोरांनी कुठं जायचं? इथं ह्या वकिलांचं काम सुरू होतं, आणि ते भाषणबाजीचं कमी, कारकुनीचं जास्त.

मी नेहमी चाड ह्या आफ्रिकेतल्या देशाचं उदाहरण देते कारण ती केस अगदी आपल्या दिवाणी दाव्यासारखी चाललीय. हिसेन हाब्रे १९८२ ते १९९० तिथला सर्वेसर्वा, सत्ता गेल्यावर सेनेगलला पळाला आणि डाकारमध्ये निवांत राहिला. त्याच्या तुरुंगात दोन वर्षांवर सडलेला सुलेमान गेंगेंग नावाचा सरकारी नोकर, तो सुटल्यावर बाकीच्या कैद्यांना, मेलेल्यांच्या घरच्यांना गाठून जबान्या लिहून घेत बसला, ७९२ जबान्या, आणि घरी लपवून ठेवल्या. त्या कधी कोर्टाचं तोंड बघतील ह्याची काडीची खात्री नव्हती.

२००० ला डाकारमध्ये केस दाखल झाली. तिथलं कोर्ट म्हणालं आम्हाला अधिकारक्षेत्रच नाही (हे वाक्य ऐकून ज्याचं डोकं फिरलं नाही तो वकीलच नव्हे). मग बेल्जियमचा दरवाजा, कारण तिथल्या कायद्यात तेव्हा दुसऱ्या देशात झालेल्या असल्या गुन्ह्यांचीही केस चालायची. २००१ मध्ये रीड ब्रॉडी हा अमेरिकन वकील हाब्रेच्या गुप्त पोलिसांच्या ओस पडलेल्या ऑफिसात शिरला तर जमिनीवर कागदांचा नुसता खच! कैद्यांच्या याद्या, कोण कुठल्या तारखेला मेलं त्याच्या नोंदी. छळणाऱ्यांनीच दप्तर ठेवलेलं, आपल्या तलाठ्यालाही लाजवेल असं. त्यातनं कोठडीत मेलेल्या १,२०८ जणांची नावं निघाली. त्याच वर्षी पीडितांची वकील जॅकलिन मुदेना, चाडचीच बाई, तिच्यावर मोर्चात ग्रेनेड टाकला, तुकडे पायात घुसले, तरी ती बरी होऊन परत त्याच केसवर. मला साधा समोरच्या पार्टीचा धमकीचा फोन आला तर दोन रात्री झोप येत नाही.

२०१२ ला बेल्जियमनं लावलेल्या दाव्यात हेगच्या कोर्टानं सेनेगलला सांगितलं, खटला चालवा नाहीतर माणूस ताब्यात द्या. २०१३ ला हाब्रेला उचललं ते सेनेगलच्याच पोलिसांनी, आणि ३० मे २०१६ ला डाकारमधल्या खास कोर्टात जन्मठेप. सोळा वर्षं लागली, पण आपल्या गावात हायकोर्टाचं सर्किट बेंच यावं म्हणून चाळीसेक वर्षं भांडून १८ ऑगस्ट २०२५ ला कामकाज सुरू झालेलं बघणाऱ्या कोल्हापूरकरानं सोळा वर्षांना उशीर म्हणू नये.

तर मामा, फौजदार असा उसना मिळतो. सीरियाचा अन्वर रस्लान घ्या, दमास्कसच्या कोठडीतला तपासाचा मोठा साहेब, तो निर्वासित म्हणून जर्मनीत येऊन राहिला आणि ज्या वकिलाला त्यानं एकेकाळी अटक केली होती तो अन्वर अल-बुन्नी त्याला बर्लिनमध्ये दिसला. २०२२ च्या जानेवारीत कोब्लेन्झच्या कोर्टात रस्लानला जन्मठेप झाली, तिकडं सीरियाचा हुकूमशहा असद तेव्हा गादीवरच होता.

हे सगळीकडं जमतं असं मी सांगणार नाही. हाब्रेला अमेरिका आणि फ्रान्सचा पाठिंबा होता, त्या साहेबांपैकी कुणी डाकारच्या पिंजऱ्यात उभं राहिलं नाही. गरीब देशाचा पडलेला हुकूमशहा सापडतो, बलाढ्य देशाचा बसलेला नाही. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "ती रीत हितंबी हाय." मग त्यांनी विचारलं, पैसं मिळालं का लोकांना? म्हटलं, अपिलात ८२ अब्ज सीएफए फ्रँकच्या (तिकडचं आफ्रिकन चलन) वर भरपाई ठरली २०१७ ला, हाब्रे २०२१ ला मेला, आणि त्यातला मोठा भाग लोकांच्या हातात अजून पडलेला नाही.

मामांनी कपबशी खाली ठेवली. त्यांचा वाटणीचा हुकूमनामा होऊन अकरा वर्षं झालीत, अंमलासाठीची दरखास्त चालूच आहे, ताबा नाही.

"म्हंजी दरखास्त आजून चालूच म्हणा की. आमच्यागत."