आधी अर्थ रॉड

क्रेन उभी, गॅस कटर पेटलेला, आणि काका म्हणतात, "थांबा. आधी अर्थ रॉड लावू द्या."

वीज उपकेंद्राचं हे उघडं यार्ड बंद होऊन कित्येक महिने झालेत. लाइन्स कधीच नव्या जीआयएसकडे, म्हणजे गॅस भरलेल्या बंद नळ्यांच्या उपकेंद्राकडे वळवल्यात. पोरं हसली. काका हसले नाहीत. "लाइन कागदावर मेलीय. रॉड लागला की मी म्हणेन मेलीय."

त्यांचं खरंच होतं. शेजारून चालू लाइन जात असेल, तर दोन्ही टोकांना तोडलेल्या तारेवरही इंडक्शनने व्होल्टेज चढतं. रॉडने ते जमिनीत उतरलं, मगच बसबारला, म्हणजे सगळ्या लाइन्स जिथे जोडतात त्या जाड वाहकाला, हात लागला.

दुपारपर्यंत तपकिरी चिनी मातीचे इन्सुलेटर आणि बिघाड झाला की वीज तोडणारे तेलाचे ब्रेकर खाली आले. दाबलेल्या हवेवर चालणारा एअर ब्लास्ट ब्रेकर ट्रिप झाला की बंदूक झाडल्यासारखा आवाज यायचा म्हणे. नवीन माणूस दचकायचाच. आता सगळा कारभार बंद नळ्यांत, जेमतेम दहाव्या हिश्शाच्या जागेत. आत एसएफ-६ वायू, जो गळला तर कार्बन डायऑक्साइडच्या २०,००० पटींहून जास्त वातावरण तापवतो. तेलाची कटकट गेली, गॅसची आली!

खडी मात्र अजून तशीच पसरलेली आहे. मला ती इतके दिवस चिखल होऊ नये म्हणून वाटायची. फॉल्टच्या, म्हणजे बिघाडाच्या वेळी जमिनीतून पायांत शिरणारा करंट कमी व्हावा, हे तिचं खरं काम.

संध्याकाळी काका त्याच खडीवरून गेटकडे निघाले. सवयीने एकदा मान वर, नजर तारा असायच्या तिकडे.

वर नुसतं आभाळ होतं. तरी ते वाकूनच का गेले असतील?