तोतयाचा कोट आणि आमचा ऑफ तास

स्मरणिकेसाठी लिही म्हणून ग्रुपवर मेसेज आला तोवर बाकीच्यांनी सहल, गॅदरिंग, छड्या सगळं बुक करून टाकलं होतं, म्हणून मी पुश्किन या रशियन लेखकावर लिहितोय. हसू नका. नववीत ऑफ तासाला आपले इतिहासाचे सर यायचे आणि पिशवीतून मॉस्कोत छापलेलं एक इंग्रजी पुस्तक काढायचे, तेव्हा रशियन पुस्तकांची प्रदर्शनं लागायची ना, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं अगदी स्वस्तात, त्यातलंच एक. पुश्किनची कादंबरी, 'कॅप्टनची मुलगी'. पान बघत बघत सर थेट मराठीत सांगायचे.

नाव ऐकून मागच्या बाकांवर खसखस पिकलीच. सर एवढंच म्हणाले, "भाऊसाहेबांचा तोतया माहितीये ना? हा रशियाचा तोतया." झालं, वर्ग गप्प. इकडे 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि पुढच्याच महिन्यात तिकडे याईक नदीच्या काठी पुगाचोव नावाचा कोसॅक, म्हणजे सरहद्दीवरचा लढवय्या घोडेस्वार, मीच तुमचा बादशहा तिसरा पीटर, असं सांगत उठला. खरा पीटर 1762 लाच मेलेला, त्याची बायको कॅथरीन गादीवर!

गोष्टीतला पोरगा ग्रिन्योव सोळा-सतराचा, बापाने राजधानी पीटर्सबर्गची चैन नको म्हणून पार ओरेनबर्गच्या सरहद्दीवर धाडलेला. वाटेत हिमवादळात रस्ता दाखवणाऱ्या एका भणंग माणसाला हा आपला सशाच्या कातड्याचा कोट देऊन टाकतो, आणि बरोबरचा म्हातारा गडी सावेलिच नुसता तडफडतो, कारण त्या आडदांडाने घालताना कोटाची शिवण टराटरा उसवते. सर हे उभं राहून, हात बाहीत कोंबायची ॲक्टिंग करून दाखवायचे. पुढे त्याची नेमणूक एका किल्ल्यावर होते. किल्ला म्हटल्यावर आमच्या डोळ्यासमोर सिंहगड, निघालं काय तर लाकडी कुंपणातलं खेडं, एक जुनी तोफ, कमांडंटसाहेब झग्यात कवायत घेतायत आणि खरा कारभार त्यांच्या बायकोकडे. माशा तिथलीच, कमांडंटची मुलगी, तोफेच्या आवाजाला घाबरणारी. प्रेमाची पानं सर जरा भरभर उलटायचे, ते आमच्या लक्षात यायचं बरं का.

मग तोतया किल्ला घेतो, कमांडंटला फाशी देतो, ग्रिन्योवच्याही गळ्यात दोर पडतो, आणि सावेलिच पाया पडतो तेव्हा तोतया पोराला सोडतो. मागाहून कळतं की तोतया म्हणजे तोच, कोटवाला! एवढ्यावर भागलं असतं, तर सावेलिच लुटलेल्या सामानाची यादीच त्याच्यापुढे धरतो, त्यात सशाचा कोट, पंधरा रूबल. पुगाचोव भडकतो, तुझंच कातडं सोलून कोट शिवीन म्हणतो. आम्ही हसावं की घाबरावं कळेना.

नंतर सरांनी मतदान घेतलं, पुगाचोव चांगला की वाईट. एक जण म्हणाला शब्द पाळतो, माशाला सोडवून देतो, चांगला. मुलींच्या बाकावरून लगेच, तिच्या आईबापाला मारलं त्याचं काय? तास संपला तरी भांडण चालूच, आणि सरांनी निकाल दिलाच नाही. उलट सांगितलं की पुश्किन 1833 ला स्वतः ओरेनबर्गला जाऊन पुगाचोव पाहिलेल्या म्हाताऱ्यांशी बोलून आला, पुगाचोवचा इतिहास लिहिला, तर झारने नावच बदलायला लावलं, गुन्हेगाराला कसला इतिहास म्हणून! कादंबरी आली 1836 ला, पुढच्याच वर्षी पुश्किन द्वंद्वात गेला.

मोठेपणी परत वाचली तेव्हा शेवट मला जरा सोयीचा वाटला, माशाला बागेत नेमकी महाराणी कॅथरीनच भेटते आणि सगळं सुरळीत होतं. पण पुगाचोव आणि सावेलिच अजूनही तसेच, एक नंबर.

लायब्ररीला एक प्रत देतोय, इंग्रजीच आहे, फार जाड नाही. नववीला कोणी ऑफ तासाला सांगणार असेल तर मतदान जरूर घ्या, आणि प्लीज, प्रेमाची पानं गाळू नका.