छत्तीस मण्यांचा हिशेब: कोथिंबिरीसाठी घरी केलेला एलईडी दिवा

पुण्यातल्या आमच्या सदनिकेच्या पूर्वेला नवी इमारत उभी राहिली आणि सज्जातल्या कुंड्यांना मिळणारे सकाळचे ऊन कायमचे गेले. कोथिंबीर, मेथी, पालक घरीच लावण्याची सवय इतकी जुनी होती की ती सोडवेना. म्हणून घरातल्याच एका मांडणीवर दिव्याखाली हा पाला वाढवावा असे मी ठरवले. मांडणीचा कप्पा ९० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे ०.४०५ चौरस मीटर. त्या मापाचा तयार दिवा मला मिळाला नाही. सोल्डरिंग येत होते, म्हणून दिवा स्वतःच करायला घेतला. उजेडाचा हिशेब मात्र नव्याने शिकावा लागला.

एलईडीच्या पाकिटावर उजेड ल्युमेनमध्ये लिहिलेला असतो आणि ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याच्या सोयीचे माप आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट पिवळ्या उजेडाला सर्वांत संवेदनशील असतो, त्यामुळे या मापात निळ्या आणि गडद तांबड्या उजेडाला फारच कमी वजन मिळते. पानाला ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, हवे असतात आणि ते मोजायचे तर एकक मायक्रोमोल. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल पडतात तो आकडा म्हणजे पीपीएफडी, आणि त्याची दिवसभराची बेरीज मोलमध्ये मांडली की झाला डीएलआय. पालेभाजीला दिवसाला साधारण १२ ते १७ मोल लागतात. मी १२ मोल धरले. दिवा रोज बारा तासच लावायचा होता, कारण दिवस लांबला की कोथिंबीर लवकर फुलावर जाते.

बारा तासांचे ४३,२०० सेकंद होतात. १२ मोल म्हणजे १ कोटी २० लाख मायक्रोमोल; त्यांना ४३,२०० ने भागले की पीपीएफडी २७८ येतो. कप्प्याच्या क्षेत्रफळाने गुणले की दर सेकंदाला सुमारे ११३ मायक्रोमोल पानांवर पडायला हवेत. दिव्यातून निघालेल्या उजेडापैकी तीन चतुर्थांश पानांपर्यंत पोहोचेल असे मी मानले, म्हणजे दिव्यातून १५० मायक्रोमोल निघायला हवे होते. पांढऱ्या एलईडीच्या बाबतीत एका मायक्रोमोलमागे सुमारे ७० ल्युमेन धरता येतात. १२० ल्युमेन प्रति वॉट देणारा मणी, म्हणजे एक सुटा एलईडी, त्या हिशेबाने वॉटमागे १.७ मायक्रोमोल देतो, म्हणून मला ८८ वॉट पुरेसे होते. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून मी तीन वॉटचे ३६ पांढरे मणी, मण्यांना ठरावीक प्रवाह पुरवणारे सहाशे मिलिअँपिअरचे तीन ड्रायव्हर, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि मण्यांची उष्णता पट्टीत उतरवणारी थर्मल पेस्ट आणली. छत्तीस त्रिक १०८, म्हणजे वीस वॉट जास्तच आहेत, या समाधानात दिवा जोडला.

दहाव्या दिवशी कोथिंबीर उगवली आणि विसाव्या दिवशी आडवी पडली. देठ दोऱ्यासारखे बारीक, पाने फिकट, आणि प्रत्येक रोप कप्प्याच्या मध्याकडे वाकलेले. रोपे उजेड शोधत होती हे उघड होते.

मग मी लक्समीटर आणला (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) आणि पानांच्या उंचीवर नऊ ठिकाणी मोजमाप घेतले: चार कोपरे, चार कडांचे मध्य आणि एक मधोमध. दिवा लावल्याबरोबर मध्यभागी १०,६०० लक्स दिसले, तेच चाळीस मिनिटांनी ९,८०० झाले, कारण मणी तापला की त्याचा उजेड उतरतो. तेव्हापासून दिवा पुरता तापल्याशिवाय मी मीटर हातात घेत नाही. कोपऱ्यांत ४,९०० च्या आसपास आणि नऊ जागांची सरासरी ७,३००. सुरुवातीला मी या सरासरीला ५४ ने भागले आणि १३५ मायक्रोमोल मिळाले. पण ५४ हा सूर्यप्रकाशाचा भाजक आहे. पांढऱ्या एलईडीचा ७० वापरला तर खरा आकडा १०४, आणि दिवसाचे जेमतेम साडेचार मोल. कोथिंबिरीची निम्म्याहून अधिक उपासमार होत होती.

चूक शोधायला मी कागदावरची एकेक ओळ तपासली. दुकानदाराला विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘ताई, तीन वॉट ही त्याची मर्यादा झाली, चालतो तो ड्रायव्हर देईल तेवढाच.’ त्यांचे म्हणणे बरोबर होते. मण्यावर ३.२ व्होल्ट आणि ड्रायव्हरचे ०.६ अँपिअर यांचा गुणाकार १.९ वॉट होतो, म्हणजे छत्तीस मिळून १०८ नव्हे, ६९ वॉट. शिवाय पाकिटावरचे १२० ल्युमेन थंड मण्याचे आणि कमी प्रवाहावरचे होते. सहाशे मिलिअँपिअरवर तापलेला मणी नव्वदच्या आसपास देतो असे धरले, तर माझ्या दिव्यातून १५० ऐवजी ८९ मायक्रोमोलच निघत होते. आणि त्यांतलेही निम्मेच पानांवर पडत होते, कारण मण्याचा उजेड १२० अंशांत पसरतो, दिवा ४० सेंटिमीटर उंच होता आणि कप्प्याच्या बाजू उघड्या होत्या. संध्याकाळी शेजारची भिंत किती छान उजळते याचे मला कौतुक वाटत असे; तो सगळा उजेड माझ्या कोथिंबिरीचा होता.

आधी बाजू बंद केल्या. पांढऱ्या फ्लेक्सचे पडदे चारी बाजूंनी सोडले, हवा खेळावी म्हणून वर चार बोटे जागा ठेवली, आणि दिवा २५ सेंटिमीटरवर आणला. एकही मणी न वाढवता सरासरी ११,९०० लक्सवर गेली, म्हणजे १७० मायक्रोमोल आणि दिवसाला ७.३ मोल. या सगळ्या खटाटोपात इतक्या कमी खर्चात इतका मोठा फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही.

उरलेली तूट भरायला ६६० नॅनोमीटरचे बारा तांबडे मणी जोडले. तांबड्या फोटॉनमध्ये ऊर्जा कमी असते, त्यामुळे प्रकाशाच्या एका वॉटमध्ये ६६० नॅनोमीटरचे ५.५ मायक्रोमोल असतात, तर निळ्या ४५० चे ३.८ च. हे बारा मणी २.२ व्होल्टवर चालतात आणि मिळून १६ वॉट घेतात. त्यांची कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर ३५ मायक्रोमोल बाहेर पडतात आणि पानांवरच्या पीपीएफडीत सुमारे ६९ ची भर पडते. लक्समीटर मात्र जेमतेम पाचशेने वर सरकला. क्षणभर वाटले की मणी खराब आले. पण ६६० नॅनोमीटरला आपला डोळा जवळजवळ आंधळा आहे आणि मीटरही त्याच डोळ्याप्रमाणे बेतलेला आहे. म्हणून तांबड्याचा वाटा मी मीटरवरून काढत नाही, विजेच्या मापावरून वेगळा काढते. दोन्हींची बेरीज २३९, दिवसाला १०.३ मोल.

ड्रायव्हरमधली घट धरून भिंतीवरच्या प्लगमधून ९८ वॉट जातात, महिन्याला पस्तीस युनिट. दुसऱ्या पेरणीची कोथिंबीर अडतिसाव्या दिवशी कापली. देठ करंगळीच्या नखाने सहज तुटत नव्हते आणि मधली रोपे सरळ उभी होती. कोपऱ्यांतली अजून किंचित आत झुकतात. तिथे पडद्यांनंतरही ८,६०० च लक्स आहेत, म्हणून पट्ट्यांवरचे चार मणी मध्यातून काढून टोकांना हलवायचे काम सध्या चालू आहे.