शाबीची सम सापडली, आणि बेत पुन्हा बदलला

मैत्रिणींनो, सापडली! शाबी म्हणजे मोरोक्कोतलं लग्नासमारंभात नाचायचं लोकप्रिय संगीत; त्याच्या ज्या सहा-आठच्या समेमागे मी जानेवारीपासून लागले होते, ती शनिवारी दुपारी रॉटरडॅममधल्या एका स्वयंपाकघरात सापडली. सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी चहाच्या पेल्यावर चमचा वाजवून मला ती दाखवली. त्या भरात रविवारी बसून, एका मोरोक्कन लग्नात मी नाचणार आहे त्याचा सात मिनिटांचा अख्खा ट्रॅक जोडला. आणि सोमवारी रात्री माझ्या मोरोक्कन मैत्रिणीचा निरोप आला की हॉलवर लाइव्ह ऑर्केस्ट्रा ठरलाय. आता अर्धा ट्रॅक वाया जाणार आहे, पण वाईट वाटत नाहीये. का ते सांगते.

लग्नाला अजून तीन आठवडे आहेत. मुलीकडचे मूळचे मोरोक्कोतल्या मेक्नेसचे, मुलाकडचे तिथल्याच बर्कानचे, दोन्ही घरं आता हॉलंडातच. नवरी रात्रीतून पाच वेळा पोशाख बदलणार. तिला सजवणारी नगाफा तिला तिसऱ्या पोशाखासाठी आत घेऊन गेली की बाहेर वीसेक मिनिटं पाहुणे नुसते बसून असतात, त्यातली सात मिनिटं माझी. ही जागा मी मागून घेतली. नवरी समोर असताना आपण चमचमत्या कपड्यांत मधोमध नाचायचं, हे मला पटत नाही.

ट्रॅकचा आराखडा तुम्हाला माहीत आहे. मलफूफ या जलद तालावर एन्ट्री, मग इजिप्तची गायिका उम्म कुलसूमच्या 'इन्ता उमरी'ची सुरुवातीची वाद्यांची गत, छोटा ड्रम सोलो, आणि शेवट मोरोक्कन शाबीवर. 'इन्ता उमरी'बद्दल मला कधीच शंका नव्हती. 1964 सालची ती मोहम्मद अब्देल वहाबांची रचना आजही कुठल्याही अरब हॉलमध्ये पहिल्या सुरांतच ओळखली जाते, आणि 'तू माझं आयुष्य' हे शब्द लग्नात शोभतात. शब्दांची एवढी काळजी मी का करते, ते ऐका. शाबीसाठी मी आधी मोरोक्कन गायिका नजात आताबूचं एक गाणं काढून ठेवलं होतं, 'हादी केदबा बायना'. त्यातली व्हायोलिनची ओळ सगळ्यांच्या कानावर आहे, कारण केमिकल ब्रदर्स या इंग्लिश जोडीच्या 'गॅल्व्हनाइझ'मध्ये तीच घेतली आहे. नाचायला जबरदस्त. मैत्रिणीला ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, अगं, याचा अर्थ 'हे तर उघडउघड खोटं आहे'! लग्नाच्या मांडवात हे वाजवायचं? ताबडतोब बाद. इजिप्तचं अरबी आपल्याला क्लासमुळे थोडंफार कळतं, दारिजा, म्हणजे मोरोक्कोची बोली अरबी, अजिबात कळत नाही. मोरोक्कन गाणं घ्याल तर दारिजा बोलणाऱ्या माणसाला ऐकवल्याशिवाय एक पाऊलही बसवू नका.

आता समेचं. शेवटचा तुकडा मोरोक्कनच हवा, असा हट्ट माझाच. आपण शिकतो तो रक्स शर्की, म्हणजे बेली डान्स, कैरोचा. घरच्यांनी मला 'बेली डान्स' करायला बोलावलंय हे खरं, पण त्या हॉलमधल्या बायका जन्मभर नाचत आल्यात ते शाबीवर, शिखातांच्या ढंगानं. शिखात म्हणजे ऐता ही मोरोक्कन लोकगीतं गाणाऱ्या, नाचणाऱ्या बायका. त्या आल्याशिवाय लग्नाला रंग चढत नाही, आणि तरी आपल्या मुलीनं शिखात व्हावं असं कुणाला वाटत नाही. लावणी नाचणाऱ्या बायकांबद्दल आपण घरोघरी जे ऐकत वाढलो, तेच. ऐता गाणाऱ्या नामवंत हज्जा हमदाविया 2021 मध्ये गेल्या. त्यांचे जुने व्हिडिओ मी कितीदा पाहिले असतील! अंगात कफ्तान, हातात बेंदीर हा डफासारखा चर्मवाद्याचा प्रकार, आणि जागच्या जागी उभं राहून सगळा हॉल हातात घेतलेला. त्या लोकांसमोर नुसता मकसूम हा इजिप्शियन ताल घेऊन जाणं मला कोरडं वाटत होतं.

पण माझी कंबर बसेचना. मकसूमवर डोळे मिटूनही मी पडत नाही: दुम तक, तक दुम, तक. चार मात्रा, समेवर दुम, संपलं. शाबीत सहा. मला वाटलं, सहा म्हणजे आपला दादरा, लहानपणापासून कानात मुरलेला. धा धी ना, धा तू ना, पहिलीवर जोर, चौथी खाली. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये जो सगळ्यात जड ठोका ऐकू येई, तीच सम धरून मी हिप ड्रॉप बसवले. आरशात बरं दिसे. व्हिडिओ काढून मैत्रिणीला पाठवला की तिचं एकच उत्तर, 'छान आहे, पण काहीतरी उलटं वाटतंय.' काय उलटं, ते तिलाही सांगता येईना, कारण ती मोजून नाचतच नाही. मी गाणं अर्ध्या वेगावर टाकून ऐकलं. कागदावर सहा-सहा चौकोन आखून प्रत्येक ठोका मांडला. टाळ्या ऐकल्या तर आणखी गोंधळ, कारण काही जण सहाचे दोन तीन करतात आणि काही जण तीन दोन, आणि दोन्ही टाळ्या एकाच वेळी चालू! आमच्या क्लासच्या बाईंकडेही उत्तर नव्हतं, त्या पक्क्या कैरोच्या घराण्यातल्या.

शनिवारी मैत्रिणीच्या मावशीकडे गेले होते, खरं तर कफ्तानाची उंची बघायला. सगळे त्यांना खालती, म्हणजे मावशी, म्हणतात, मीही म्हणते. चहा झाला, म्समन हे पराठे झाले, आणि मैत्रिणीनं माझा व्हिडिओ त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वीस सेकंद बघितला आणि फोन उलटा घातला. "बेन्ती," मला त्या नेहमी 'पोरी' म्हणतात तशाच म्हणाल्या, "तू ढोल ऐकतेयस. ढोल तुझ्यासाठी नाही. टाच ऐक." मग बसल्या बसल्या स्लिपर काढून टाच फरशीवर टेकवायला लागल्या: टक... टक... टक... सावकाश, चालल्यासारखी. हातातल्या चमच्यानं पेल्यावर भराभर तीन-तीन टिचक्या. आणि तोंडानं बेंदीरचा जड 'दुम' काढला तो टाचेवर नाहीच, टाचेच्या अलीकडे, पुढच्या पावलाकडे ढकलल्यासारखा. तो दुम पाऊल उचलायला लावतो! ठोका पडतो तेव्हा पाऊल हवेत असतं. मी दोन महिने उचलायच्या जागी आपटत होते.

त्यांच्यासमोर स्वयंपाकघराच्या फरशीवर अनवाणी उभी राहिले. पायात दोन, कमरेत प्रत्येक पावलाला तीन. दादऱ्याचे बोल मी सोडले नाहीत, फक्त 'धा' ढोलावरून काढून टाचेवर ठेवला. तिसऱ्या आवर्तनाला कंबर आपोआप त्या खाचेत जाऊन बसली, आणि खालतींनी चमचा खाली ठेवून 'झगारीत' दिली, जीभ हलवत काढलेली आनंदाची किंचाळी. ती अजून कानात आहे.

आणि यातून दुसरी गाठही सुटली. मकसूम आणि शाबी यांचा सांधा मला कधीच जमत नव्हता, चारातून सहात जाताना गाडी रुळावरून उतरल्यासारखं व्हायचं. आता दिसलं की पावलाचा वेग तोच ठेवायचा. माझा ड्रम सोलो मिनिटाला 116 ठोक्यांचा आहे. शाबीचं पाऊलही 116 वर आणलं की पाय बदलत नाहीत, फक्त कंबर दोनाऐवजी तिनानं भरते. मूळ शाबी 120 ची होती, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये टेम्पो थोडा उतरवला. फुकटात मिळणाऱ्या साधनांत माझ्या मते याच्या तोडीचं दुसरं नाही, फक्त चार-पाच टक्क्यांपलीकडे ताणू नका, व्हायोलिन पाण्याखाली गेल्यासारखं होतं. सुरांचा प्रश्न उरलाच, एक रेकॉर्डिंग दुसऱ्यापेक्षा किंचित चढं होतं आणि क्रॉसफेडमध्ये दोन्ही एकमेकांना ओरबाडत होती. म्हणून मधे आठ आवर्तनं नुसता बेंदीर घातला, सूरच नाही तर भांडण कसलं? तो मी स्वतः वाजवला. इथल्या दमट हवेत कातडं असं सैलावतं की आतली तार नुसती फरफरते. आपल्याकडे हलगी शेकतात, तसा बेंदीर हेअर ड्रायरनं दोन मिनिटं शेकला आणि फोनवर एका दमात रेकॉर्ड केला. हा सांधा इतका गुळगुळीत झालाय की रविवारी रात्री तो एवढाच तुकडा दहा वेळा ऐकला.

आता पोशाख. इस्तंबूलहून मागवलेली हिरवी बेदला, म्हणजे बेली डान्सचा मण्यांचा दोन तुकड्यांचा पोशाख, तुम्हाला फोटोत आवडली होती. ती या लग्नात घालणार नाही. एक तर हिरवा रंग नवरीच्या यादीत आहे. (नगाफाला फोन करून पाचही रंग विचारून घेतले, तिनं आनंदानं सांगितले. नाचणारीनं हे आधी विचारायलाच हवं.) दुसरं, बेदला हा कैरोच्या नाइटक्लबचा पोशाख, बदिया मसाबनींनी 1926 मध्ये क्लब काढला त्या परंपरेतला. इथे पहिल्या रांगेत दोन्हीकडच्या आज्या असणार. पोटावर इजिप्तमध्ये नियमानं घालतात तशी जाळी लावूनही मला ते बरं वाटलं नसतं. आणि तिसरं, त्या विक्रेत्याचं काम. नाव लिहीत नाही, पण झालरीचे सगळे मणी एकाच सलग दोऱ्यात ओवलेत. पहिल्याच सरावात एक सर तुटली आणि चाळीसेक मणी सोफ्याखाली. नवीन बेदला घेतलीत तर नाचण्याआधी प्रत्येक सरीला वरच्या टोकाला वेगळी गाठ मारून घ्या, दोन संध्याकाळी जातात पण पोशाख वाचतो.

तेव्हा कफ्तान. वांगी रंग ठरला, कारण तो कुणाच्याच यादीत नाही. कापड हेगच्या हाग्से मार्कटवर घेतलं, शिवायला मोरोक्कन शिंप्याकडे दिलं. पुढची बटणं मशीनची देत होता, मी हट्टानं आकाद घेतले, रेशमी दोऱ्याच्या गाठीगाठींनी केलेली ती बारीक बटणं. मोरोक्कोतल्या सफ्रूच्या बायका ती हातानं करतात. समोर एका ओळीत तीसेक आहेत आणि प्रत्येक गाठ बोटाखाली वेगळी लागते. दिवसभर बघत बसावं असं काम आहे.

अडचण पट्ट्याची. कफ्तानावर म्दम्मा, म्हणजे मोरोक्कन कमरपट्टा, हवाच, तो नसेल तर घरात घालायचा झगा वाटतो, असं खालतींचं स्पष्ट मत. पण म्दम्मा रुंद आणि कडक, बरोबर बरगडी आणि कंबर यांच्या मधे बसतो. हिप लिफ्ट केली की वर सरकतो, पोटाची लाट तर पूर्ण गिळतो. शेवटी वर अरुंद पट्टा आणि खाली कुल्ह्यावर, शिखात बांधतात तसं, वेगळं वस्त्र. नाण्यांचा स्कार्फ बांधून पाहिला, साटीनवरून घसरतो आणि बेंदीरच्या तारेच्या आवाजात नाणी कचकच करतात. मग आईच्या जुन्या इरकलीचा पदर घडी घालून बांधला. सुताला पकड आहे, जरा म्हणून हलत नाही, आणि त्याचा लाल वांग्यावर खुलतो. घेर पायात येत होता तो डाव्या बाजूनं उचलून त्याच पदरात खोचला, शेतात बायका खोचतात तसा. टाचा दिसायला लागल्या, आणि आता टाचाच तर दाखवायच्यात.

तर सोमवारचा निरोप. ऑर्केस्ट्रा आहे म्हणजे शेवटची शाबी तेच वाजवणार. माझं 116, माझा गुळगुळीत सांधा, काही उपयोगाचं नाही. पहिला तास मी नाराज होते. मग वाटलं, शनिवारच्या आधी हा निरोप आला असता तर मी नाचायलाच नकार दिला असता. आता टाच माझी आहे, ते कुठल्याही वेगानं वाजवोत. म्हणून ट्रॅक ड्रम सोलोपर्यंतच ठेवते, साधारण साडेचार मिनिटं, आणि शेवटी माझ्या बेंदीरची आठ आवर्तनं. त्यावर त्यांचा बेंदीरवाला आत येईल आणि पुढे ऑर्केस्ट्रा उचलेल. सांधा वाया गेला नाही, उलट खरा वापर हाच निघाला.

हे लिहिता लिहिताच आणखी एक सुचलं. मुलाकडचे बर्कानचे, तिकडचा नाच रेगादा. खांदे, जोरात आपटलेली पावलं, झामर या फुंकवाद्याचा तो चिरका सूर. शाबीचा शेवट मी एकटीनं न करता, शेवटच्या मिनिटात आज्यांना आणि खालतींना हाताला धरून मधे आणलं, आणि ऑर्केस्ट्रानं तिथूनच रेगादा धरला तर? मुलाकडची माणसं आपोआप उठतील आणि मी बाजूनं निघून जाईन. मग झालर किंवा नाणी नकोतच, गर्दीत कुणाच्या तरी तक्षितेच्या, म्हणजे लग्नात घालायच्या भरजरी मोरोक्कन झग्याच्या, जरीत अडकतील. इरकल पक्की.

गुरुवारी संध्याकाळी कीबोर्डवाल्याला फोन करायचाय. 116 वर सुरू करून हळूहळू चढवायला सांगणार आहे, आणि माझा बेंदीर कुठल्या ठोक्यावर सोडला म्हणजे त्यांच्या माणसाला पकडायला सोपं जाईल ते विचारणार आहे. तुमच्यापैकी कुणी ट्रॅकवरून लाइव्ह वादकांकडे असा हात सोपवला असेल तर सांगा, शेवटच्या आवर्तनात त्यांच्याकडे वळून खूण केलीत, की खांद्यानं?