३००डीचा गिअरबॉक्स: उघडण्याआधी जास्तीचं ऑइल काढलं

आधी आजची स्थिती. गिअरबॉक्स जागेवरच आहे, उतरवलेला नाही, आणि सध्या तरी उतरवायचं कारण दिसत नाही. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: १९८३ची मर्सिडीज ३००डी टर्बोडिझेल, बॉडी डब्ल्यू१२३, पाच सिलिंडरचं ओएम६१७ इंजिन आणि चार गिअरचा ७२२.३ ऑटोमॅटिक. गाडी माझ्याकडे न्यू जर्सीत आहे.

दुखणं असं होतं. थंड गाडी काढली की गिअर अगदी वेळच्या वेळी बदलायचे. पण टर्नपाइकवर (इथल्या टोलच्या महामार्गावर) अर्धा-पाऊण तास सलग धावून खाली उतरलो आणि सिग्नलवरून निघालो, की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन एकदम मोकळं फिरायचं आणि मग क्षणभराने गिअर पकडायचा. गाडी उभी केली की पोटाखाली लाल थेंब. काही थेंब एक्झॉस्टच्या पाइपवर पडून धूर यायचा. एका गॅरेजमध्ये दाखवली तर एक चक्कर मारून तिथल्या तिथे निकाल मिळाला: क्लच प्लेटा संपल्या, गिअरबॉक्स उतरवून रिबिल्ड करा. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, कोणी काढून पाहिलीही नाही.

मला हे पटेना. प्लेटा खरंच जळाल्या असत्या तर ऑइल काळपट झालं असतं आणि त्याला करपल्याचा वास आला असता. माझं ऑइल लाल आणि स्वच्छ होतं. शिवाय थंड असताना सगळं ठीक आणि तापल्यावरच बिघाड, म्हणजे पहिला संशय ऑइलच्या पातळीवर घ्यायला हवा. पातळी कमी असली तरी आणि जास्त असली तरी लक्षणं जवळजवळ सारखीच दिसतात, कारण दोन्हीकडे पंपाला ऑइलबरोबर हवा मिळते. त्यामुळे नुसत्या चालवण्यावरून ठरवता येत नाही, मोजावंच लागतं.

मोजायची पद्धत या गाड्यांमध्ये ठरलेली आहे. जमीन सपाट, लिव्हर 'पी'मध्ये, पार्किंग ब्रेक लावलेला, इंजिन आयडलवर चालू आणि ऑइल ८० अंश सेल्सिअसवर. डिपस्टिकवरच्या किमान आणि कमाल खुणा त्या ८० अंशांसाठीच आहेत. गल्लीत दोन चकरा मारून ऑइल तेवढं तापत नाही, चांगलं पंधरा-वीस किलोमीटर चालवावं लागतं. मी इन्फ्रारेड थर्मामीटर गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनवर धरून खात्री केली. पुसायला जुन्या बनियनचं फडकं अजिबात नको. त्याचे धागे नळीतून आत गेले तर व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइल वळवून गिअर बदलणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांमध्ये अडकतात. मी धागे न सुटणारा जाड कागदी टॉवेल वापरतो.

डिपस्टिक बाहेर आली तेव्हा ऑइल कमाल खुणेच्या बरंच वर होतं आणि वरच्या भागात बारीक बुडबुडे होते.

इथे थांबून एक गोष्ट तपासली, आणि ती प्रत्येकाने तपासावी. या गाडीत गिअरबॉक्सचं ऑइल थंड होण्यासाठी रेडिएटरमधून फिरतं. तिथला आतला कूलर फुटला तर कूलंट ऑइलमध्ये शिरतो आणि पातळी आपोआप वाढते. तेव्हा ऑइल रोझ मिल्कसारखं गुलाबी आणि अपारदर्शक होतं आणि कितीही वेळ ठेवलं तरी निवळत नाही. तसं असेल तर गाडी लगेच बंद करावी, कारण कूलंटमधला ग्लायकॉल क्लच प्लेटांचं अस्तर सोडवतो. मी थोडं ऑइल काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवलं. सकाळी बुडबुडे गेलेले आणि ऑइल पारदर्शक लाल. म्हणजे हा हवेचा फेस होता, आणि जास्तीचं ऑइल कोणीतरी वरूनच ओतलेलं होतं.

ते कधी ओतलं गेलं हे आधीच्या मालकाने दिलेल्या फायलीत सापडलं. एका सर्व्हिसच्या पावतीवर बाकीच्या कामांबरोबर एक क्वार्ट एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) 'टॉप-अप' लिहिलेलं आहे. आता आकडे बघा. डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये फक्त ०.३ लिटरचा फरक आहे. अमेरिकेत मिळणारी क्वार्टची बाटली ९४६ मिलीची. पातळी अगदी किमान खुणेवर असतानाही अख्खी बाटली ओतली, तरी ती कमाल खुणेच्या ६४६ मिली वर जाणार. आणि मुळात ऑइल कमी होतं का, याचीही मला शंका आहे. २० ते ३० अंशांवर इंजिन चालू ठेवून पाहिलं तर योग्य भरलेल्या गिअरबॉक्समध्येही ऑइल किमान खुणेच्या साधारण ३० मिलिमीटर खाली दिसतं. थंड गाडीवर ते पाहून 'ऑइल कमी आहे' असं कोणालाही वाटेल.

पुण्यात माझ्या एका मित्राकडे २४०डी आहे. त्याला तिथल्या सकाळी हा ३० मिलिमीटरचा अंदाज बरोबर लागू पडतो. माझ्याकडे जानेवारीत गॅरेज शून्याच्या जवळ असतं, तेव्हा ऑइल आणखी आकसलेलं असतं आणि तो अंदाजही चालत नाही. मी थंड मोजमापावर एक थेंबही ओतत नाही.

जास्त ऑइलने नक्की काय होतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. गिअरबॉक्सच्या तळाशी ऑइलचा साठा आणि त्याच्या वर फिरणारे ड्रम आणि प्लॅनेटरी गिअर अशी रचना असते. पातळी ठीक असेल तर फिरणारे भाग साठ्याला लागत नाहीत. तापून ऑइल फुगलं आणि पातळी त्यांच्यापर्यंत पोचली की ते ऑइल घुसळू लागतात, त्यात हवा मिसळते आणि पंप तोच फेस ओढतो. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, त्यामुळे क्लच आणि बँड (ड्रमभोवती आवळणारे पट्टे) दाबून धरायला लागणारा दाब पुरेसा तयार होत नाही. ते घसरतात. घसरण्याने उष्णता वाढते, उष्णतेने ऑइल आणखी फुगतं, आणि फेसाला जागा पुरली नाही की ते ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या छिद्रातून, बाहेर येतं. माझे लाल थेंब तिथलेच. सील फुटलंय समजून सील बदलत बसलो असतो तर ते कधीच थांबले नसते.

काढायचं काम सोपं आहे. डिपस्टिकची नळी इंजिनाच्या मागे, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ) आहे. इंजिन बंद करून, गाडी थोडी निवू देऊन, नळीत जाईल अशी बारीक प्लास्टिकची ट्यूब तळापर्यंत सोडली आणि मोठ्या सिरिंजने ओढत राहिलो. खुणा असलेल्या भांड्यात काढलं, म्हणजे हिशेब राहतो. पहिल्यांदा ५०० मिली काढून पुन्हा फिरवून आणली, गरम मोजली, मग थोडं थोडं. शेवटी ७०० मिलीच्या आसपास बाहेर आलं. आता पातळी कमाल खुणेच्या किंचित खाली आहे.

तिसऱ्या गिअरचं ते मोकळं फिरणं टर्नपाइकवरच्या लांब फेरीनंतरही आलं नाही. पोट डिग्रीझरने धुऊन खाली पुठ्ठा टाकून ठेवला होता, तो कोरडा राहिला.

तरीही फेसाळलेलं ऑइल किती काळ त्या अवस्थेत चाललं याचा भरवसा नव्हता, म्हणून सगळं ऑइल आणि फिल्टर बदलायचं ठरवलं. पॅनचा ड्रेन प्लग ५ मिमी ॲलन कीने उघडतो. टॉर्क कन्व्हर्टरलाही (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागालाही) वेगळा ड्रेन प्लग आहे, हे या जुन्या मर्सिडीजचं मोठं सुख. क्रँकच्या पुढच्या बोल्टवर २७ मिमीचा सॉकेट लावून इंजिन हाताने फिरवायचं, प्लग बेल हाउसिंगच्या (कन्व्हर्टरवरच्या आवरणाच्या) खालच्या झरोक्यात येतो. दोन्ही प्लग १४ न्यूटन-मीटरला. पॅनचे बोल्ट फक्त ८ला, कारण ते ॲल्युमिनियममध्ये जातात आणि आटे गेले की दुरुस्ती महागात पडते. पॅनच्या तळाशी राखाडी बारीक गाळ होता, बोटावर चोळला तर नुसती भुकटी. धातूचे तुकडे नाहीत, अस्तराचे काळे कण नाहीत. रिबिल्डच्या निकालाला माझं उत्तर हा पॅन आहे.

भरताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. जितकं निघालं तितकंच परत ओतायचं, हा नियम पुष्कळ ठिकाणी वापरतात. गिअरबॉक्स आधीच जास्त भरलेला असेल तर त्या नियमाने जुनी चूक जशीच्या तशी परत आत जाते. पुस्तकातला आकडा ऑइल बदलताना ६.२ लिटर आहे, पण कन्व्हर्टरमध्ये थोडं राहतंच, म्हणून तोही आंधळेपणाने ओतू नये. मी चार लिटर भरून इंजिन चालू केलं, लगेच आणखी एक लिटर, मग ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवर थोडा थोडा थांबवत फिरवला. उरलेलं डिपस्टिक बघत, गरम झाल्यावर, १०० मिलीच्या मापाने.

आता एकच तक्रार शिल्लक: अगदी थंड असताना पहिला-दुसरा बदल जरा आदळतो. मॉड्युलेटरला, म्हणजे व्हॅक्यूमप्रमाणे गिअरबदल मऊ किंवा कडक करणाऱ्या भागाला, मी अजून हात लावलेला नाही. ऑइल ठीक होईपर्यंत तो फिरवला असता तर कशाने काय सुधारलं हे कळलंच नसतं. या डिझेलमध्ये गिअरबदलाचा मऊपणा व्हॅक्यूमवर ठरतो, आणि नळ्यांची रबरी जोडणी चाळीस वर्षांची असल्यासारखी कडक झाली आहे. नवीन जोडण्या मागवल्या आहेत. त्या बसवून हातपंपाने आधी मॉड्युलेटर व्हॅक्यूम धरतो का ते पाहीन, मग इंजेक्शन पंपावरच्या कंट्रोल व्हॉल्व्हकडे वळेन. कोणी ७२२.३वर तो व्हॉल्व्ह स्वतः जुळवला असेल तर कुठल्या क्रमाने केलं ते जरूर कळवा.