बाणाला भाषा लागत नाही, पण...

स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात देखभाल विभागात रुजू झालो, तेव्हा माझं जर्मन जेमतेम दुकानातून ब्रेड आणण्यापुरतं होतं. त्यात आमचे माइस्टर, म्हणजे वर्कशॉपमधले वस्ताद, बोलायचे श्वेबियन बोली. हवा दाबून देणाऱ्या स्क्रू कॉम्प्रेसरचा ऑइल फिल्टर कसा बदलायचा हे त्यांनी दोनदा सांगितलं, मी दोनदा मान डोलावली. शेवटी त्यांनी माझ्या डोक्यावर होलोलेन्स २ चढवला, म्हणजे समोरच्या खऱ्या वस्तूंवर चित्रं उमटवून दाखवणारा चष्मा. साडेपाचशे ग्रॅमच्या वर वजन, अर्ध्या तासात कपाळ दुखतं.

मशीनवरच्या क्यूआर कोडकडे पाहिलं आणि समोरच्या खऱ्याखुऱ्या कॉम्प्रेसरवर निळे बाण उभे राहिले. पहिला मेन स्विचवर: बंद करा, कुलूप घाला. दुसरा दाबमापकावर: काटा शून्यावर येईपर्यंत थांबा. मग फिल्टर. एक शब्द न कळता काम कळलं!

ही कल्पना तशी जुनी. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात स्टीव्हन फाइनर आणि सहकाऱ्यांनी लेझर प्रिंटरची साधी देखभाल डोक्यावरच्या पारदर्शक पडद्यातून दाखवून पाहिली होती. नाव काय, तर ‘कर्मा’. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून केलेलं, पण ज्यानं टोनर बदलताना शर्ट काळा केलाय त्याला ते पटेल.

माझं घोडं अडलं ते फिल्टर आवळताना. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला तेलाचं बोट लावायचं आणि पाना न घेता, नुसत्या हातानं आवळायचं. चष्म्यात गोल फिरणारा बाण आणि एकच शब्द: ‘हांडफेस्ट’. हाताइतकं घट्ट. पण कुणाच्या हाताइतकं? माझा हात सांगलीकडच्या साखर कारखान्यात तयार झालेला. मी आवळतच राहिलो. माइस्टरनी मनगट धरलं आणि म्हणाले, “नाख फेस्ट कोम्ट आप.” घट्टच्या पुढं गेलं की तुटतं. गावाकडं अण्णा ओरडायचे, “आटे घालवशील, रांडेच्या!” ते आठवून मी हसलो, माइस्टरना वाटलं मला जर्मन कळलं.

खरी फजिती तीन महिन्यांनी झाली. रात्रपाळीला कॉम्प्रेसर बंद पडला. फोनवर पलीकडचा विचारतोय, गळती कुठून आहे? मशीन मला पाठ होतं, पण एका भागाचं नाव तोंडात येईना. शेवटी म्हणालो, “दुसरा बाण येतो ना, त्याच्या खाली.” पलीकडं शांतता.

मायक्रोसॉफ्टनं २०२४ मध्ये होलोलेन्स २ बनवणं थांबवलं. आता आमच्याकडं नवी पोरं टॅबलेटवर तेच बाण बघतात. एका हातात टॅबलेट असल्यावर काम कुठल्या हातानं करायचं, हे मात्र त्यात दाखवत नाहीत.

मी त्या रात्रीनंतर खिशात वही ठेवायला लागलो. व्हेंटील म्हणजे व्हॉल्व्ह. डिष्टुंग म्हणजे आपलं पॅकिंग, तेच गळत होतं. खात्री करायला शब्दकोश उघडला, तर डिष्टुंगचा आणखी एक अर्थ निघाला: कविता.