४१.१ टक्के

स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातील एका स्वतंत्र बॉटलरकडे, म्हणजे डिस्टिलरींकडून व्हिस्कीची पिपे घेऊन आपल्या नावाने बाटल्या भरणाऱ्या कंपनीकडे, मी पिपांतील नमुने पारखण्याचे काम करते. डिस्टिलरीचे एखादे पीप बिघडले, तर ते इतर अनेक पिपांच्या मिश्रणात खपून जाते. आमची बाटली बहुधा एकाच पिपातून भरली जाते, त्यामुळे त्यातले उणे झाकायला दुसरे काही नसते. काम मुख्यतः नाकाचे असते: नमुन्यात पाणी घालून तो २० टक्क्यांच्या आसपास आणायचा, हुंगायचा आणि घेतलेला घोट थुंकून टाकायचा.

गेल्या हिवाळ्यात ३४ वर्षांच्या एका हॉग्सहेड पिपाचा नमुना आला. सुमारे २५० लिटर मावणाऱ्या त्या पिपात जेमतेम ८० लिटर उरले होते आणि अल्कोहोल होते ४१.१ टक्के. येथील दमट गोदामांत पाण्यापेक्षा अल्कोहोल लवकर उडते, आणि ४० टक्क्यांखाली गेलेल्या मद्याला कायद्याने स्कॉच म्हणता येत नाही. ही घसरण एका वर्षाची नव्हे. मधल्या काळात कोणी नीट मोजणी केली असती, तर हे पीप कितीतरी आधी बाटलीत गेले असते. त्या हलगर्जीपणाचा मला अजूनही राग येतो.

पाण्याने ही व्हिस्की विरून जाईल म्हणून मी ती तशीच घेतली. वास अपूर्व होता: आधी मेण, मग पिकलेला पेरू, आणि दहा-पंधरा मिनिटांनी बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या शिसवी कपाटाचा गंध. ज्यांना ६० टक्क्यांचा आकडा पाहिल्याशिवाय बाटली उचलावीशी वाटत नाही, त्यांना असा वास कधी भेटत नाही. जिभेवर मात्र मधोमध पोकळी जाणवली, पाठोपाठ पिपाच्या ओक लाकडाचा कोरडा तुरटपणा आला आणि चव तिथेच संपली.

बाटलीवरच्या टिपणात मी ‘शेवट आखूड आणि तुरट’ असे लिहिले. आमच्या प्रमुखांनी ते वाक्य काढायला सांगितले; एवढे जुने मद्य घेणारा ते वयासाठीच घेतो, असे त्यांचे म्हणणे होते. बराच वेळ बोलून ‘आखूड’ राहिला आणि ‘तुरट’ मी स्वतःच गाळला. ११० बाटल्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी न धुतलेला पेला हुंगला, तेव्हा मेणाचा वास तसाच होता. तुरटपणा नाकाला कळत नाही, तो घोट घेतल्यावरच कळतो. आणि बाटली विकत घेणाऱ्याला तो आधी कळण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे माझा शब्द.